उजनीत गेलेल्या गावाचे जुने सरकारी कागद ग्रंथालयात कसे शोधायचे?

भीमाकाठचा

नमस्कार मंडळी. आमचं मूळ गाव इंदापूर तालुक्यात, भीमेच्या अगदी काठावर. उजनी धरणाच्या पाण्यात गेलं. माझा जन्म नव्या गावठाणातला. जुनं गाव मी पाहिलंय ते एवढंच: उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्या खाली उतरलं, की उघडे पडणारे चौथरे आणि वेशीचे दगड.

आता आम्ही काही जणांनी गावाची स्मरणिका काढायचं मनावर घेतलंय. म्हातारी माणसं भरभरून सांगतात, पण एकाचं दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. आजी म्हणते, गावात चारशे उंबरा होता. तिचा सख्खा धाकटा भाऊ म्हणतो, दोनशेच्या वर घर नव्हतं. विहिरी किती, बागायत किती, शाळा कुठवर, बाजार कुठला, प्रत्येकाचं वेगळं. आठवणी छापणारच आहोत, पण शेजारी सरकारी आकडा असला तर बरं.

दुसरं काम रुक्ष आहे. चुलतभावाला प्रकल्पग्रस्त दाखल्यासाठी जमीन संपादनाचा कागद हवाय. एका कार्यालयातून "एवढं जुनं रेकॉर्ड नाही" असं ऐकून तो परत आला.

नेटवर गावाचं नाव टाकलं की पिनकोड, हवामान आणि भिगवणचे फ्लेमिंगो. ओळखीच्या एका प्राध्यापकांनी "ग्रंथालयात सरकारी प्रकाशनं बघ" म्हणून सांगितलं. पण बघ म्हणजे काय बघ? "आमच्या गावाची माहिती द्या" म्हटल्यावर काउंटरवरचा माणूस माझ्या तोंडाकडे बघत राहिला. काय मागायचं, ते कुणी सांगेल का?

जुनी ग्रंथपाल

भीमाकाठचा, त्या माणसाला बोल लावू नका. तुमच्या गावाच्या नावाचं पुस्तक कपाटात नाही, आणि "माहिती" नावाचंही नाही. मी नोकरीची बरीच वर्षं संदर्भ विभागात काढली. तुमच्यासारखे वाचक रोज येत, आणि मी त्यांना आधी खुर्ची देऊन तीन गोष्टी विचारत असे: कोणत्या खात्याने छापलं असेल, कोणत्या सालात, आणि तेव्हा तुमचं गाव कोणाच्या हद्दीत होतं? सरकारी प्रकाशनाचा लेखक माणूस नसतो, सरकार असतं. ग्रंथसूचीच्या कार्डावर लेखकाच्या जागी "मुंबई इलाखा, महसूल खातं" किंवा "भारत, जनगणना आयुक्त" असं लिहिलेलं असतं. विषयाने शोधणारा दमतो, खात्याने शोधणाऱ्याला सापडतं.

आता तुमच्या कामाचं बोलू.

पहिलं, जनगणना. "जिल्हा जनगणना पुस्तिका" मागा, तोंडी "डिस्ट्रिक्ट सेन्सस हँडबुक" म्हणा, लगेच कळेल. १९५१ पासून दर जनगणनेला जिल्हागणिक ही निघते आणि तिच्यात गाववार आकडे असतात. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, म्हणजे जुन्या जागेवरच्या गावाची शेवटची मोजणी १९७१ ची. तेव्हा १९५१, १९६१ आणि १९७१ या तीन पुस्तिका तुमच्या. १९७१ च्या ग्रामसूचीत शाळा, दवाखाना, पिण्याच्या पाण्याची सोय, पोस्ट, बाजाराचा दिवस, ओलिताखालचं क्षेत्र, जवळचं शहर, एवढं सगळं एका ओळीत सापडेल. आकडे खुणांमध्ये दिलेले असतात, खुणांचा अर्थ सुरुवातीच्या पानांत. तो न वाचता कुणी "टी म्हणजे टाउन" असं ठरवून छापू नका, तिथे टी म्हणजे तलावही निघू शकतो.

आजी आणि मामाआजोबांच्या भांडणाचाही निकाल तिथेच लागावा. राहती घरं हा एक रकाना असतो, कुटुंबं हा दुसरा. एका वाड्यात चार चुली असल्या तर घर एक आणि कुटुंबं चार. शिवाय जनगणनेचं गाव म्हणजे महसुली गाव, मळ्यांतल्या वस्त्या धरून. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे बहुतेक वेळा नुसतं गावठाण असतं. दोघांनाही खोटं पाडू नका, दोन्ही रकाने छापा.

या पुस्तिकांपैकी बऱ्याच आता जनगणना आयुक्तांच्या संकेतस्थळावर, तिथल्या कॅटलॉगमध्ये, स्कॅन करून ठेवल्या आहेत. फुकट उतरवता येतात. फक्त शोधताना आजचं स्पेलिंग विसरा. पुणे नव्हे, पूना. सोलापूर नव्हे, शोलापूर. अजून मागे गेलात तर इंदापूरच्या पुरात यू नाही, दोन ओ आहेत. भीमथडी नावाचा तालुका होता, बारामती-दौंडकडचा. तो आज नकाशावरच नाही, पण जुन्या कागदांत तुमच्या इंदापूरच्या गळ्यात गळा घालून येतो.

एक सावधगिरी. ब्रिटिश काळातल्या जनगणनेचे मोठे ग्रंथ बघून हुरळू नका. १८७२ आणि १८८१ चे खंड आहेत, पण छापील तक्ते तालुक्यापाशी थांबतात. तुमचं गाव त्यांत मिळणार नाही. ते वेगळ्याच दारातून मिळतं, आणि इथे मला जरा सविस्तर लिहू द्या, कारण इंदापूर हा साधासुधा तालुका नाही.

मुंबई इलाख्याची जमीन मोजणी आणि महसूल आकारणीची जी पद्धत पुढे सगळीकडे गेली, तिची सुरुवात तुमच्या तालुक्यात झाली. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची आधीची आकारणी फसली, शेतकरी जमिनी टाकून जाऊ लागले, मग १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात नव्याने काम केलं. तीस वर्षांच्या कराराने दर ठरले. ती मुदत सगळ्यांत आधी संपली तीही इथेच. १८६७ मध्ये फेरआकारणी झाली आणि सारा एकदम चढला. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला सावकारांच्या वह्या जळल्या, दख्खनचा दंगा म्हणतात तो. त्याची चौकशी करायला आयोग बसला. या सगळ्याचा कागद छापलेला आहे. एवढं छापील साहित्य नशिबी असलेले तालुके थोडे.

तर दार असं. कॅम्बेलच्या संपादनाखाली निघालेलं मुंबई इलाख्याचं गॅझेटिअर घ्या, खंड १८, पूना, साल १८८५. तीन भाग आहेत. लोक तिसऱ्या भागात गावाचं नाव बघतात, चार ओळी मिळाल्या की खूश होतात आणि पुस्तक मिटतात. तुम्ही दुसऱ्या भागातलं जमीनमहसुलाचं प्रकरण उघडा आणि मजकूर वाचण्याआधी तळटीपा वाचा. तिथे "बॉम. गव्ह. सेल." आणि पुढे रोमन आकडा असं पुन्हापुन्हा येईल. ही मुंबई सरकारच्या दप्तरातून निवडून छापलेल्या कागदांची मालिका, "सिलेक्शन्स". इंदापूरच्या फेरआकारणीचा तळटीपेतला आकडा १५१, नवी मालिका: जुन्या इंदापूर, भीमथडी, पाबळ आणि हवेली तालुक्यांची पहिली मुदत संपल्यावर दर कसे बदलले, त्याचे कागद. मोजणी अधिकाऱ्यांच्या असल्या अहवालांत माणसं, घरं, बैल, गाड्या, नांगर, विहिरी यांची तेव्हाची आणि तीस वर्षांपूर्वीची तुलना असते, आणि शेवटी परिशिष्टात गावांची यादी, दरासकट. तुमच्या स्मरणिकेला विहिरी हव्या आहेत ना? विहिरी इथे मोजल्या आहेत. त्या काळात विहीर मोजण्यात सरकारला रस होता, कारण साऱ्याचा प्रश्न होता.

हे सगळं कुठे मिळेल? पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय. भारत सेवक समाजाचा संग्रह आणि संस्थेचा संग्रह तिथे एकत्र आहे. सरकारी अहवालांसाठी महाराष्ट्रात मी पहिलं नाव त्याचंच घेईन. त्यांनी जुनी पुस्तकं मोठ्या संख्येने स्कॅन करून डिजिटल संग्रहात ठेवली आहेत, घरबसल्या बघा. गॅझेटिअरचे खंड राज्याच्या दर्शनिका विभागाने ऑनलाइन दिले आहेत. मुंबईला जाणं होत असेल तर टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी. लंडनला कुणी नातेवाईक असेल तर ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात ही "सिलेक्शन्स" आहेत, पण तिथवर जायची वेळ येऊ नये.

काउंटरवर जाताना कागदावर एवढं लिहून न्या: "जिल्हा जनगणना पुस्तिका, पूना, १९५१, १९६१ आणि १९७१. सिलेक्शन्स, नवी मालिका, १५१." त्या चिठ्ठीवर तुमच्या गावाचं नावही लिहायची गरज नाही. बघा, खुर्ची देतात की नाही.

संपादनाच्या कागदासाठी राजपत्र लागेल, म्हणजे सरकारी अधिसूचना छापणारं गॅझेट. ते उद्या लिहिते, डोळे दमले.

अव्वल कारकून (निवृत्त)

ताईंनी राजपत्र उद्यावर टाकलंय तोवर मी थोडं लिहून घेतो. भूसंपादन शाखेत होतो.

दादा, "रेकॉर्ड नाही" याचा अर्थ बरेचदा "तुम्ही सांगितलेल्या नावाने सापडत नाही" एवढाच असतो. अभिलेख कक्षात गठ्ठे खातेदाराच्या नावाने लावलेले नसतात. गाव आणि भूसंपादन प्रकरणाचा क्रमांक यांवर लावलेले असतात. तुमचा भाऊ आजोबांचं नाव सांगत बसला असेल. निवाडा, म्हणजे संपादनाची भरपाई ठरवणारा आदेश, हा कायम जपायचा कागद आहे, त्याची मुदत संपून तो नष्ट केला असं कुणी तोंडी म्हणालं तर लेखी मागा.

क्रमांक कसा मिळवायचा? सगळ्यांत सोपी वाट फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीची. जमीन सरकारकडे गेली तेव्हा गाव नमुना ६ ला नोंद झाली असणार, आणि तिच्यात निवाड्याचा क्रमांक व तारीख लिहिण्याचा प्रघात आहे. महाभूमीच्या "आपले अभिलेख" संकेतस्थळावर जुने फेरफार आणि सातबारे स्कॅन करून टाकलेत. सगळी गावं नाहीत. यादीत तुमचं गाव असलं तर पाच-पन्नास रुपयांत काम होईल, नसलं तर तलाठी किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात कजाप मागा, म्हणजे कमी-जास्त पत्रक. कोणत्या सर्व्हे नंबरातून किती आर गेलं ते त्यात असतं.

अर्जात बुद्रुक की खुर्द ते न चुकता लिहा. या एका शब्दापायी लोक वर्ष-वर्ष हेलपाटे घालतात.

आणि माहिती अधिकारात नुसती "प्रत द्या" म्हणू नका, "अभिलेख पाहणीसाठी उपलब्ध करून द्या" असंही लिहा. पाहणी हा त्या कायद्यातला हक्कच आहे. समोर बसून नोंदवही चाळली की "नाही" म्हणणाऱ्यालाही चाळावी लागते.

नकाशावेडा

थोडक्यात टाकतो. जुन्या गावाची जागा स्मरणिकेत दाखवायची असेल तर टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्टानेडा ग्रंथालयाचा नकाशा संग्रह बघा. अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात भारताचे अडीच लाखांत एक प्रमाणाचे नकाशे काढले होते, यू ५०२ मालिका. सगळे स्कॅन केलेले, फुकट. धरणाच्या आधीची भीमा आहे त्यांत, बारीक रेघेसारखी वळणं घेत जाणारी. डिकसळच्या पुलावरून जाणारी जुनी रेल्वेही दिसेल, आणि आपला काठ कुठे होता ते बोट ठेवून दाखवता येतं. लहान गावांची नावं मात्र सगळी नाहीत.

त्याहून बारीक हवं तर सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी इंचाला मैल पत्रकं. तुमचा भाग ४७ जे आणि ४७ एन या दोन्हींत विभागलेला आहे, ७५ रेखांशाच्या अलीकडे जे आणि पलीकडे एन. ग्रंथालयात मागताना हा आकडा आणि अक्षर सांगा.

जुनी ग्रंथपाल

कारकूनसाहेबांनी माझं अर्धं काम केलं. राजपत्राचं सांगते.

१८९४ च्या भूसंपादन कायद्यात कलम ४ ची प्राथमिक अधिसूचना आणि कलम ६ ची घोषणा, दोन्ही राजपत्रात छापणं सक्तीचं होतं. म्हणजे तुमच्या गावाचं नाव, सर्व्हे नंबर आणि क्षेत्र छापील स्वरूपात अस्तित्वात आहे. एखाद्या कार्यालयात गठ्ठा मिळाला नाही तरी छापलेलं राजपत्र शंभर ठिकाणी गेलेलं असतं. ग्रंथालयाचा खरा उपयोग हा. खातेदारांची नावं मात्र सविस्तर निवाड्यातच शोधा.

कोणतं राजपत्र? "महाराष्ट्र शासन राजपत्र, भाग एक, पुणे विभागीय पुरवणी." मुख्य भाग एक चाळत बसाल तर आयुष्य जाईल, त्यात बदल्या-नेमणुका. हे साप्ताहिक आहे, गुरुवार ते बुधवार असा अंक. वर्षाचे अंक एकत्र बांधलेले असतात, आणि बांधणी करताना पुरवण्या कधी वेगळ्या बांधतात, कधी मधेच कोंबतात. म्हणून "१९७० चं राजपत्र द्या" म्हणू नका, "पुणे विभागीय पुरवणीचा बांधीव खंड" म्हणा. तरीही वेगळाच खंड आला तर परत जाऊन तेच पुन्हा म्हणा, लाजू नका.

तारीख माहीत नसताना दहा वर्षांच्या पुरवण्या चाळणं हा वेडेपणा आहे. त्यापेक्षा साहेबांची वाट धरा: फेरफारावरून निवाडा. निवाड्याच्या पहिल्या-दुसऱ्या पानावर कलम ४ आणि ६ च्या अधिसूचनांच्या तारखा दिलेल्या असतात. त्या तारखा घेऊन ग्रंथालयात या. उलटही चालतं. गावातल्या दुसऱ्या कुणाकडे पेटीत निवाड्याची किंवा नोटिशीची प्रत निघाली तर तिच्यावरच्या तारखा वापरा. एकाच अधिसूचनेत आख्खा काठ आलेला असू शकतो. स्मरणिकेसाठी घरोघर जाताच आहात, पेट्याही उघडायला लावा.

दाखल्याच्या कामाला ग्रंथालयातली झेरॉक्स जोडून भागेल असं समजू नका. तिथे प्रमाणित प्रत मागतील. पण राजपत्राची तारीख, पान आणि अधिसूचना क्रमांक लिहिलेला अर्ज घेऊन गेलात तर "रेकॉर्ड नाही" म्हणणं अवघड होतं.

विधिमंडळातल्या चर्चाही बघा, वेळ मिळाला तर. उजनीच्या पुनर्वसनावर आमदारांनी प्रश्न विचारले असणार, आणि प्रश्नोत्तरं छापली जातात. मंत्र्यांची उत्तरं वाचायला मजा येते, एवढंच म्हणते.

भीमाकाठचा

ताई, साहेब, नकाशावाले दादा, सगळ्यांना दंडवत.

१९७१ ची पूना पुस्तिका मिळाली, संकेतस्थळावरूनच. मोबाइलवर उघडेना, सायबर कॅफेत जाऊन छापून आणली. गाव सापडलं! घरांचा आकडा मामाआजोबांच्या जवळ जातो, कुटुंबांचा आजीच्या. दोघांना वाचून दाखवलं. आजी म्हणाली, "मग मी काय म्हणत होते?" आणि मामाआजोबाही तेच म्हणाले. बाजाराचा दिवस मात्र दोघांनाही आठवत होता तोच आहे.

आता दोन अडचणी. १९६१ ची प्रत मिळाली, पण तालुक्याचा नकाशा जिथे असायला हवा तिथे घडी घातलेल्या कागदाची पाठ दिसते. आणि ग्रंथालयात मोबाइलने फोटो काढू देतात का? साहेबांनी सांगितल्याप्रमाणे चुलतभावाने फेरफारासाठी अर्ज केलाय, अजून उत्तर नाही.

जुनी ग्रंथपाल

घडीच्या नकाशाचं हे दुखणं नेहमीचं. स्कॅन करणाऱ्याने तो उलगडायचे कष्टच घेतलेले नसतात. मूळ पुस्तकच बघावं लागेल. मागताना "नकाशासकट प्रत आहे का" विचारा, कारण कित्येक ठिकाणी मागच्या खिशातला नकाशा कुणीतरी कधीच लंपास केलेला असतो. उलगडताना टेबल मोकळं करून घ्या. घडीवर कागद फाटतो, आणि मग पुढच्याला माझ्यासारखी कुणीतरी ओरडते.

फोटोचा नियम प्रत्येक ग्रंथालयाचा वेगळा. जायच्या आधी फोन करून विचारा, आणि बाहेरच्या वाचकाला काय ओळखपत्र लागतं तेही. काही ठिकाणी जुन्या बांधीव खंडांची झेरॉक्स देत नाहीत, पाठ मोडते म्हणून, पण फ्लॅश न वापरता फोटो चालतो. प्रत्येक फोटोआधी पुस्तकाच्या शीर्षकपानाचा एक फोटो घ्या. नाहीतर महिन्याभराने पन्नास तक्ते असतील आणि कोणता कोणत्या सालचा ते देव जाणे.

करमाळेकर

ताई, आम्ही नदीच्या पलीकडचे. आमचंही गाव उजनीतच गेलं. वर लिहिलेलं सगळं आम्हाला लागू होतं का?

जुनी ग्रंथपाल

पद्धत तीच, कपाट दुसरं. करमाळा सोलापुरात, म्हणून कॅम्बेलचा खंड २०, शोलापूर, साल १८८४. त्यातही तळटीपाच आधी वाचा, १५१ तुमच्या कामाचा नाही, तुमचा आकडा तिथे मिळेल. राज्य सरकारचं सोलापूर जिल्ह्याचं सुधारित गॅझेटिअर १९७७ चं आहे, म्हणजे धरण बांधून होत असतानाचं. पुण्याचं १९५४ चं, त्यामुळे या बाबतीत तुम्ही भीमाकाठपेक्षा नशीबवान. जनगणना पुस्तिका शोलापूरच्या. राजपत्राची पुरवणी मात्र पुणे विभागाचीच, कारण सोलापूर तेव्हाही त्याच महसूल विभागात होतं. तुम्ही दोघं एकाच दिवशी गेलात तर एकच खंड दोघांना चाळता येईल.